क्वीन्समधलं टू-फॅमिली घर एअरबीएनबीवर देता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्सला टू-फॅमिली घर घेतलं आहे. वरच्या मजल्यावर स्वतः राहतो, खालचा मजला रिकामा आहे, आणि आधीच्या मालकानं तळघरातही मोरी-ओटा करून ठेवला आहे. कर्जाच्या हप्त्याला हातभार म्हणून खालचा मजला एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळावरून चार-आठ दिवसांसाठी पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा विचार आहे. डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाऊ, तेव्हा वरचाही देता येईल. शहराकडे नोंदणी केली की हे कायदेशीर होतं का? आणि नाही केली तर शहराला कळणार कसं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. खालचा मजला ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीनं देता येणार नाही. तुम्ही भारतात असताना वरचाही देता येणार नाही. तुम्ही स्वतः राहत असलेल्या वरच्या मजल्यावर, तुम्ही तिथे असताना, जास्तीत जास्त दोन पाहुणे ठेवता येतील, तेही नोंदणी करून. तळघराचा विचार सध्या डोक्यातून काढून टाका. का, ते पुढे येईलच.

या विषयावरची निम्मी गफलत एका समजुतीतून होते. २०२२ साली शहरानं 'लोकल लॉ १८' हा छोट्या मुक्कामासाठी घर देणाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा केला, ५ सप्टेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि तेव्हापासून एअरबीएनबी बंद झालं, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात त्या कायद्यानं नवीन बंदी जवळजवळ घातलेलीच नाही. बंदी जुनीच होती, फक्त दाराला कुलूप नव्हतं. लोकल लॉ १८ हे ते कुलूप. त्यामुळे 'नोंदणी क्रमांक मिळाला की घर देता येईल' हा हिशोब उलटा आहे. जे घर मुळातच देण्याजोगं आहे त्यालाच क्रमांक मिळतो, आणि देण्याजोगं आहे की नाही हे इमारतींचे जुने कायदे ठरवतात.

त्या जुन्या कायद्यांतली रेघ ३० दिवसांची. न्यूयॉर्क राज्याचा मल्टिपल ड्वेलिंग लॉ १९२९ सालचा. तीन किंवा अधिक कुटुंबांच्या इमारतींना तो लागू होतो. २०१० साली दुरुस्ती होऊन १ मे २०११ पासून त्यात स्पष्ट झालं की 'क्लास ए' इमारतीतलं घर कायम वास्तव्यासाठीच आहे, म्हणजे तोच माणूस किंवा तेच कुटुंब तिथे सलग ३० दिवस किंवा त्याहून जास्त राहिलं पाहिजे. आता तुम्ही म्हणाल, आमचं तर दोनच कुटुंबांचं घर आहे, हा कायदा आम्हाला लागू नाही. बरोबर, आणि इथेच बरेच जण घसरतात. राज्याचा कायदा लागू नसला तरी शहराची बांधकाम संहिता आणि हाउसिंग मेंटेनन्स कोड एक आणि दोन कुटुंबांच्या घरांनाही तीच रेघ लावतात. बांधकाम संहितेत राहत्या इमारतींचे वर्ग आहेत: आर-१ म्हणजे हॉटेलसारखी तात्पुरत्या मुक्कामाची जागा, आर-२ म्हणजे फ्लॅटांची इमारत, आर-३ म्हणजे तुमच्यासारखं एक-दोन कुटुंबांचं घर. आर-३ घराचा एक अख्खा मजला आठ दिवसांसाठी परक्यांना दिला की तेवढ्यापुरता तो आर-१ सारखा वापरला जातो, पण आर-१ ला लागणारी आगीपासूनची सोय तिथे नसते.

शेजाऱ्यांच्या तक्रारी असतात रात्री दोनला फुटपाथवर घरंगळणाऱ्या सुटकेसच्या, कचऱ्याच्या, पार्ट्यांच्या. राजकारण त्या तक्रारींवर आणि घरटंचाईवर चालतं. कायदा मात्र आगीच्या पायावर उभा आहे. कायम राहणाऱ्या माणसाला धुरातही जिना कुठे, मागचं दार कुठे उघडतं, कुठली खिडकी अडकते हे अंगवळणी पडलेलं असतं. काल रात्री उतरलेल्या पाहुण्याला नसतं. म्हणून हॉटेलला स्प्रिंकलर, अलार्म, बाहेर पडायच्या दोन वाटा आणि उजळलेल्या पाट्या लागतात. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे विचित्र वाटणारे नियम आपोआप उलगडतात.

उदाहरणार्थ, ३० दिवसांच्या नियमाला असलेला एकमेव कामाचा अपवाद. घरात राहणाऱ्या माणसानं आपल्याच घरात, आपल्याबरोबर पाहुणा ठेवला तर चालतो, कारण वाट दाखवणारा घरात हजर आहे. त्यातून तीन अटी निघतात. यजमान त्याच घरात राहत असला पाहिजे. 'त्याच इमारतीत' नव्हे, त्याच घरात. तुमच्या दोन मजल्यांवर दोन वेगळी घरं आहेत, स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र दार. तुम्ही वर असणं म्हणजे खालच्या घरात हजर असणं नव्हे. दुसरी अट, पैसे देणारे पाहुणे एका वेळी दोनच. आई-वडील आणि एक मूल असं तिघांचं कुटुंबही या मर्यादेत बसत नाही, आणि सगळ्यात जास्त ओरड याच कलमावर होते. तिसरी अट म्हणजे पाहुण्याला घराचा प्रत्येक भाग आणि प्रत्येक बाहेरचं दार मोकळं असलं पाहिजे. पाहुण्याच्या खोलीला किल्लीचं किंवा नंबरांचं कुलूप बसवलं, किंवा स्वतःच्या खोल्या कुलूपबंद ठेवल्या, की 'एकत्र घर' मोडलं आणि ती सुटी भाड्याची खोली झाली. सोय म्हणून बसवलेलं तीस डॉलरचं कुलूप तपासणीत सगळ्यात आधी दिसतं.

'हजर' म्हणजे चोवीस तास घरात बसून राहणं नव्हे. ऑफिसला जा, बाजारात जा. पण पाहुणा असताना तुमचा मुक्काम तिथेच हवा. तीन आठवडे पुण्याला असताना तुम्ही हजर नाही, हे कुणालाही पटवता येण्याजोगं नाही. त्यावर एक ठरलेला उपाय सुचवला जातो: पुण्याहून आई-बाबा येऊन राहिलेत, ते असतील की घरात! नोंदवलेल्या यजमानाच्या जागी व्हिजिटर व्हिसावर आलेले वडील बसवून भागेल अशा भरवशावर राहू नका. नोंदणी तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही राहत असाल या हमीवर आहे. उलट आई-बाबा स्वतः सहा महिने राहिले, नात्यातलं कुणी पैसे न देता महिनाभर पथारी पसरून राहिलं, तर त्याचा या कायद्याशी काहीच संबंध नाही. पैसे घेतले तरच हा विषय सुरू होतो.

आता लोकल लॉ १८ च्या कुलपाकडे येऊ, म्हणजे शहराला कसं कळतं.

आधीचे प्रयोग फसले म्हणून हे कुलूप असं घडलं आहे. २०१६ साली राज्यानं बेकायदा मुक्कामाची जाहिरात करण्यावरच दंड बसवला: पहिल्यांदा १,०००, दुसऱ्यांदा ५,०००, पुढे ७,५०० डॉलर. पण जाहिरातीत पत्ता नसतो, फोटोवरून घर ओळखावं लागतं, आणि एक लिस्टिंग (संकेतस्थळावरची घराची जाहिरात) उतरवलं की दुसरं चढतं. २०१८ साली शहरानं प्लॅटफॉर्मना, म्हणजे एअरबीएनबीसारख्या बुकिंग घेणाऱ्या कंपन्यांना, यजमानांची माहिती महिन्याच्या महिन्याला द्यायला लावणारा कायदा केला. जानेवारी २०१९ मध्ये फेडरल न्यायाधीशानं तो थांबवला, कारण इतकी सरसकट माहिती वॉरंटशिवाय मागणं राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीत बसत नव्हतं. पुढे २०२० मध्ये तडजोड झाली आणि माहिती देण्याची एक मर्यादित पद्धत ठरली.

त्याच सुमाराला, मार्च २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या बाजूनं नाइन्थ सर्किट या फेडरल अपील न्यायालयाचा निकाल आला, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला तो सर्वांत उपयोगी निकाल आहे. इंटरनेटवर लोक काय लिहितात याची जबाबदारी संकेतस्थळावर टाकता येत नाही, असा फेडरल कायदा अमेरिकेत आहे. प्लॅटफॉर्म त्याची ढाल करत. न्यायालयानं म्हटलं की शहर लिस्टिंगच्या मजकुराला हात लावत नाहीये, नोंदणी नसलेल्या घराचं बुकिंग पार पाडू नका एवढंच सांगतं आहे. मजकूर वेगळा, व्यवहार वेगळा. न्यूयॉर्कचा लोकल लॉ १८ याच फटीतून आत शिरतो.

चालतं असं. यजमान शहराच्या मेयर्स ऑफिस ऑफ स्पेशल एन्फोर्समेंट या कचेरीकडे (पुढे 'कचेरी' म्हणतो) नोंदणी करतो. बुकिंग घेण्याआधी प्लॅटफॉर्म त्या यजमानाचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि लिस्टिंगचा दुवा शहराच्या प्रणालीत पाठवतो. जुळलं तर होकार मिळतो. नाही जुळलं तर त्या बुकिंगचं शुल्क घ्यायला प्लॅटफॉर्मला मनाई आहे. तरी घेतलं तर प्रत्येक व्यवहारामागे १,५०० डॉलरपर्यंत दंड. म्हणजे हजारो दारं ठोठावायची शहराला गरजच उरली नाही. चार-पाच कंपन्यांच्या गल्ल्यावर पहारा बसवला की झालं. न नोंदवता घर देणाऱ्या यजमानाला दंड ५,००० डॉलर किंवा त्या भाड्याच्या उत्पन्नाच्या तिप्पट, यांतली जी रक्कम कमी असेल तोवर होऊ शकतो. एअरबीएनबीनं जून २०२३ मध्ये याविरुद्ध दावा लावला. त्यात कंपनीनंच सांगितलं होतं की २०२२ साली या शहरातून तिचं निव्वळ उत्पन्न साडेआठ कोटी डॉलर होतं. ऑगस्टमध्ये दावा फेटाळला गेला.

अंमलबजावणीच्या तोंडावर, २८ ऑगस्ट २०२३ ला, आकडे असे होते: ३,२५० अर्ज आले, ८०८ तपासून झाले, त्यातले २५७ मंजूर, ७२ नामंजूर आणि ४७९ दुरुस्तीसाठी परत. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त अर्ज परत आले, हे लक्षात ठेवा. अर्ज बहुतेक वेळा फुटकळ विसंगतीवर अडकतो.

अर्ज ऑनलाइन आहे, शुल्क १४५ डॉलर, अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. नोंदणी चार वर्षं चालते. अर्जदार हाडामांसाचा माणूस हवा. घर एलएलसीच्या (खासगी कंपनीच्या) नावावर असलं तरी नोंदणी एलएलसीला मिळत नाही, तिथे राहणाऱ्या माणसालाच मिळते. ओळखपत्र, तुम्ही तिथेच राहता याचे पुरावे, तुमच्याबरोबर कायम राहणाऱ्यांची माहिती आणि ज्या ज्या ठिकाणी जाहिरात करणार त्या प्रत्येक लिस्टिंगचा दुवा द्यावा लागतो. घराचा नकाशाही लागतो: खोल्या, खिडक्या, बाहेर पडायच्या वाटा. तो हातानं काढला तरी स्वच्छ हवा. आग लागल्यास कुठून बाहेर पडायचं हे दाखवणारा तक्ता आणि नोंदणीचं प्रमाणपत्र घरात सहज दिसेल असं लावायचं, आणि क्रमांक जाहिरातीतही छापायचा.

नाव सगळीकडे एकसारखं हवं. आपल्या लोकांचं इथेच हमखास अडतं. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, लायसन्सवर मधलं अक्षर, प्लॅटफॉर्मवर घरातलं नाव, लग्नानंतर काही कागदांवर बदललेलं आडनाव. माणूस एकच असतो, पण संगणकाला ते चार जण वाटतात. अर्जाआधी प्लॅटफॉर्मवरचं कायदेशीर नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळवून घ्या. क्वीन्समध्ये पत्त्याचीही एक खोडी आहे. इथले घरक्रमांक मध्ये आडवी रेघ असलेले असतात, ३७-५२ अशा धाटणीचे. कुणी रेघ गाळतं, कुणी नकाशा-ॲपनं भरलेलं तसंच ठेवतं. टू-फॅमिली घरात मजल्याचं नाव हा आणखी एक घोळ: कराच्या बिलात नुसता घरक्रमांक, विजेच्या बिलात 'दुसरा मजला', लिस्टिंगवर 'युनिट २'. शहराच्या नोंदीत जो पत्ता आहे तोच प्रमाण माना आणि बाकी सगळं त्याला जुळवा.

पण १४५ डॉलर भरण्याआधी त्याहून महत्त्वाचं एक काम आहे. घराचं सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी पाहा. डिपार्टमेंट ऑफ बिल्डिंग्जच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की फुकट दिसतं. त्यावर कुठल्या मजल्यावर किती घरं आणि कशासाठी, हे लिहिलेलं असतं. १९३८ च्या आधी बांधलेल्या आणि नंतर वापर न बदललेल्या घरांना बऱ्याचदा ते नसतंच, आणि क्वीन्समध्ये अशी घरं पुष्कळ आहेत. तशा वेळी त्याच खात्याकडून 'लेटर ऑफ नो ऑब्जेक्शन' मिळवता येतं. त्याच पानावर घरावरच्या उघड्या तक्रारी आणि उल्लंघनंही दिसतात. आधीच्या मालकानं परवानगीशिवाय बांधलेली मोरी तिथे तुमची वाट पाहत असू शकते. ती मिटवल्याशिवाय कुठल्याही नोंदणीच्या मागे लागू नका, कारण नोंदणीचा अर्ज म्हणजे 'या पत्त्याकडे बघा' असं स्वतः होऊन सांगणं.

तळघराचं त्यामुळेच आधी नाही म्हटलं. मराठीत आपण सगळ्याला तळघर म्हणतो, पण शहराच्या कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत. निम्मी किंवा त्याहून जास्त उंची रस्त्याच्या कडेच्या पातळीच्या वर असेल तर बेसमेंट, निम्म्याहून जास्त खाली असेल तर सेलर. एक-दोन कुटुंबांच्या घरातला सेलर सर्वसाधारणपणे राहण्यासाठी भाड्यानं देता येत नाही, एका रात्रीसाठी नाही आणि एका वर्षासाठीही नाही. बेसमेंट देता येतं, पण उंची, खिडक्या, बाहेर पडायची वाट हे सगळं बसून बिल्डिंग्ज खात्याची मंजुरी कागदावर असली तरच. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसानं शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ तळमजल्याखालच्या घरांत अडकून, बहुतेक क्वीन्समध्येच. तेव्हापासून तळघराच्या तक्रारीकडे शहर डोळेझाक करत नाही. तळघराची उंची आणि तिच्यातली किती रस्त्याच्या कडेच्या पातळीच्या वर आहे ते टेप लावून मोजा आणि नंतर आर्किटेक्टला दाखवा; 'आधीचा भाडेकरू राहत होता की' हा पुरावा नव्हे.

प्लॅटफॉर्म टाळून, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर जाहिरात टाकून, पैसे थेट खात्यावर घेतले तर? कायदा प्लॅटफॉर्मपुरता नाही. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचं पैसे घेऊन दिलेलं कुठलंही घर नोंदणीखाली येतं. गल्ल्यावरचा पहारा तिथे नसतो एवढंच. पण तेव्हा ३११ हा शहराकडे तक्रार करायचा फोन क्रमांक असतो, आणि पलीकडच्या घरातल्या आजी खिडकीत असतात. तक्रार आली की कचेरीच्या पथकात बिल्डिंग्ज खात्याचे आणि अग्निशमन दलाचे तपासनीस असू शकतात, आणि मग प्रश्न मुक्कामापुरता राहत नाही: खोल्यांच्या दारांवरची कुलपं, गरजेपेक्षा जास्त पलंग, स्मोक अलार्म नसणं, परवानगीशिवाय उभी केलेली भिंत, प्रत्येकाचं वेगळं समन्स. सुनावणी ओथ या प्रशासकीय लवादापुढे होते. तिथे न गेल्यास दंड गैरहजेरीत लागतो. तुसड्या शेजाऱ्यापेक्षा हे न उघडलेलं पाकीट जास्त महागात पडतं.

टू-फॅमिली घराऐवजी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी दोन वाक्यं. रेंट-स्टॅबिलाइज्ड किंवा रेंट-कंट्रोल्ड (म्हणजे ज्याच्या भाड्यावर सरकारी नियंत्रण आहे असं) घर आणि शहराच्या सरकारी गृहप्रकल्पातलं घर यांना नोंदणी मिळतच नाही, आणि भाडेकरूनं अर्ज केला की मालकाला कळवलं जातं. शिवाय इमारतीचा मालक किंवा को-ऑप, काँडोचं बोर्ड आपली अख्खी इमारत मनाईच्या यादीत घालून घेऊ शकतं. मुंबईतली सोसायटी जे ना-हरकत पत्र अडवून साधते ते इथे एका अर्जानं होतं.

मग खालच्या मजल्याचं करायचं काय? ३० दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीनं द्या. त्याला या नोंदणीची गरज नाही. लोकल लॉ १८ नंतर प्लॅटफॉर्मवरची छोट्या मुक्कामाची लिस्टिंगं ऐंशी टक्क्यांहून जास्त घटली, आणि त्यांतली पुष्कळशी नाहीशी न होता ३० रात्रींच्या किमान मुदतीवर सरकली. मात्र रेघेच्या त्या बाजूलाही धोका आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. न्यूयॉर्क शहरात ३० दिवस राहिलेल्या माणसाला कायदा भाडेकरूचं संरक्षण देतो. तो पैसे थकवून बसला तरी कुलूप बदलता येत नाही, सामान बाहेर ठेवता येत नाही, वीज तोडता येत नाही. हाउसिंग कोर्टातूनच जावं लागतं आणि त्यात महिनेच्या महिने जातात. पाहुणा समजून महिन्यासाठी ठेवलेला माणूस ३१ व्या दिवशी भाडेकरू झालेला असतो. म्हणून ३० दिवसांचं बुकिंग 'लांबलेली सुट्टी' समजून घेऊ नका. लेखी करार, ओळख, नोकरीची खात्री, आधीच्या घरमालकाशी बोलणं, सगळं करा. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही; २०१९ च्या राज्य कायद्यानं ती मर्यादा घातली आहे. सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढू न देणाऱ्या, एप्रिल २०२४ च्या 'गुड कॉज इव्हिक्शन' कायद्यातून मात्र तुमच्यासारखे छोटे मालक सुटतात.

काही जण मधली वाट काढतात. बुकिंग ३० दिवसांचं दाखवायचं, पाहुणा पाचव्या दिवशी निघून जातो, मग पुढचं बुकिंग. कायद्याचे शब्द 'सलग ३० दिवस वास्तव्य' असे आहेत, '३० दिवसांचं बुकिंग' असे नाहीत. एका महिन्यात चार वेगळी कुटुंबं येताना शेजाऱ्यानं पाहिली तर कागद तुमच्या बाजूनं बोलणार नाही.

नदीपलीकडे जर्सी सिटीत, जिथे आपली पुष्कळ कुटुंबं राहतात, हिशोब वेगळा आहे, आणि तिकडच्या मित्राचा सल्ला इकडे वापरल्यानं बरेच जण अडचणीत येतात. तिथे २०१५ साली शहरानं स्वतःच छोट्या मुक्कामाला दार उघडलं, हॉटेल-कर मिळेल म्हणून. पुढे बाहेरून आलेले लोक अनेक घरं घेऊन धंदा करू लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सार्वमत झालं आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतदारांनी कडक नियमांच्या बाजूनं कौल दिला. परवाना बंधनकारक, भाडेकरूला यजमान होण्याची मनाई, आणि मालक तिथे नसेल तर वर्षात ६० रात्रींची मर्यादा. म्हणजे भारतात जायच्या तीन आठवड्यांचा जो बेत क्वीन्समध्ये बसत नाही तो जर्सी सिटीतल्या स्वतःच्या घरात, परवाना काढून आणि इमारतीचे नियम पाहून, बसू शकतो. २०१५ च्या नियमांवर विसंबून ज्यांनी घरं घेतली किंवा लांब मुदतीनं भाड्यानं धरली ते फेडरल कोर्टात गेले, पण थर्ड सर्किट अपील न्यायालयानं २०२२ मध्ये त्यांच्या विरोधात निकाल दिला: शहरानं नियम बदलले म्हणून मालमत्ता हिरावली असं होत नाही. आजच्या नियमावर उद्याचा हप्ता मांडणाऱ्यानं हा निकाल जरूर लक्षात घ्यावा.

रात्री मोजायच्या की माणूस हजर आहे ते पाहायचं, हा शहरांपुढचा खरा पेच आहे. लंडननं २०१५ पासून वर्षाला ९० रात्रींची मर्यादा ठेवली, पण नोंदणीच नव्हती. एका प्लॅटफॉर्मवर ९० भरल्या की यजमान दुसरीकडे जातो, आणि बेरीज करणारं कुणी नसतं. सॅन फ्रान्सिस्कोनं यजमान नसतानाच्या ९० रात्री मोजायचं ठरवलं, म्हणजे कुठल्या रात्री यजमान घरी होता हे शहराला कळलं पाहिजे. ते फक्त यजमान सांगतो. तिथेही घडी बसली ती नोंदणी नसलेली लिस्टिंगं उतरवायला प्लॅटफॉर्म २०१७ च्या तडजोडीत तयार झाले तेव्हा. जानेवारी २०१८ मध्ये लिस्टिंगं जवळपास निम्मी झाली. न्यूयॉर्कनं रात्री मोजायचा नादच सोडला. हजर असाल तर वर्षभर द्या, नसाल तर एक रात्रही नाही. तपासायला सोपं, पण प्रामाणिक माणसालाही कडक. वर्षातून एकदा आपलं घर देणारा शिक्षक आणि वीस फ्लॅट चालवणारा धंदेवाला यांना हा कायदा एकाच मापानं मोजतो, आणि त्यावर टीका व्हायलाच हवी.

मात्र 'यामुळे भाडी उतरली का' असं विचारून या कायद्याचा निकाल लावणं बरोबर नाही. शहरात सुमारे ३७ लाख घरं आहेत, आणि २०२३ च्या सर्वेक्षणात भाड्याच्या घरांपैकी रिकामी अवघी १.४ टक्के होती. त्यापुढे वीस-बावीस हजार लिस्टिंगं म्हणजे समुद्रात घागर. एखाद्या गल्लीला, एखाद्या इमारतीला फरक पडतो. शहराच्या सरासरीत तो शोधून सापडणार नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी आणि उघडी उल्लंघनं. मग तळघराची मापं, आणि सेलर निघाला तर तिथला ओटा-मोरीचा प्रश्न कायदेशीर मार्गानं मिटवणं. मग खालच्या मजल्यासाठी वर्षाचा किंवा सहा महिन्यांचा लेखी करार. वरच्या खोलीसाठी नोंदणी करायची तर त्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा, कारण घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पैसे देणाऱ्या पाहुण्यामुळे झालेलं नुकसान बऱ्याचदा वगळलेलं असतं. कराचं सीपीएला (हिशेबतज्ज्ञाला) विचारा. स्वतः राहत असलेलं घर वर्षात १५ दिवसांपेक्षा कमी भाड्यानं दिलं तर ते उत्पन्न फेडरल आयकरातून सुटतं. क्वीन्समध्ये होणाऱ्या यूएस ओपन टेनिसच्या दोन आठवड्यांपुरतीच एक खोली द्यायची असेल तर कर लागणार नाही कदाचित, पण नोंदणी मात्र पहिल्याच रात्रीपासून लागेल, आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो हे धरून तो काही महिने आधी टाका.